शेजारच्या सीटचा ब्रेक

यल्लाप्पा कांबळे एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. राधानगरी, मलकापूर, रत्नागिरी अशा गाड्या त्यांनी चालवल्या आणि निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता. घरी बसून जीव रमेना म्हणून ते हंबीररावांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला जाऊ लागले. कोल्हापुरात त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेली शंभरेक माणसं तरी असतील. त्यातली मी एक. सगळे त्यांना यल्लाप्पामामा म्हणायचे.

मामा पहिल्या दिवशी इंजिन सुरू करू देत नसत. आधी सीट. क्लच पूर्ण दाबला तरी डावा गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. मग तिन्ही आरसे. मग उजवी टाच. ती ब्रेकच्या समोर खाली टेकवायची आणि तिथनंच नुसता पंजा ॲक्सिलरेटरकडं वळवायचा. "टाच उचलली की पाय हरवतोय," असं ते म्हणायचे. अर्धा तास हेच. माणूस कंटाळून जायचा, पण दुसऱ्या दिवशी गाडी हलली की त्याचा अर्थ कळायचा.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढंही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. मामांचा उजवा पंजा कायम त्या ब्रेकवर अलगद ठेवलेला असे. आपण चुकलो तर तो पाय आहे, एवढ्या भरवशावर आम्ही सगळे रस्त्यावर जायला धजावलो.

त्या पायालाच काहीतरी व्हायला लागलं होतं. मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून मामांना तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा उजव्या पायातली चप्पल बस स्टॉपवरच राहिली आणि ते तसेच घरी आले. दारात बायकोनं, तानूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं. साखर होतीच. जानेवारीत डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पायाच्या नसांवर परिणाम झालाय, जपायला पाहिजे. गाडी चालवता का, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, रिटायर झालोय. ते खोटं नव्हतं, पण डॉक्टरांनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तरही नव्हतं. हंबीररावांना तर त्यांनी काहीच सांगितलं नाही.

मार्चमध्ये त्यांच्याकडं दानेश्वरी पट्टणशेट्टी शिकायला आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय छत्तीस, माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरात कन्नड बोलणारी माणसं. त्यांची बदली मलकापूरच्या पुढं एका वाडीवर झाली होती. मलकापूरपर्यंत एसटी होती, तिथून नऊ किलोमीटर सकाळचं काहीच नव्हतं. जूनपासून हजर व्हायचं होतं. नवरा शशिधर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला जायचा. कंपनीची बस त्याला नाक्यावरून न्यायची, त्यामुळं घरची गाडी दारात उभीच असायची. त्यानं दोन रविवार बाईंना शिकवायचा प्रयत्न केला होता. तो शेजारी बसून इतका ओरडायचा की बाईंना डावा-उजवाही कळेनासा व्हायचा.

मामांकडं त्या पहिल्या आठवड्यातच सावरल्या. मामा ओरडत नसत. क्लच सोडताना बाई मनातल्या मनात कन्नडमध्ये आकडे मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरू, आणि तिसऱ्या आकड्याला गाडी धक्का न देता सरकायची. मामांना ते कळलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मोजा की, गाडीला कुठं भाषा कळत्या. शेंडा पार्कच्या रिकाम्या रस्त्यावर त्या रोज सकाळी सात ते आठ गाडी चालवू लागल्या. बाराव्या दिवशी तिसरा गिअर पडला. एप्रिल उजाडला तसं मामांनी त्यांना वस्तीच्या रस्त्यावर आणलं.

तिथं वळणावर झाडाखाली शालूबाई कलिंगडाचा गाडा लावत. सकाळी त्या एका प्लास्टिकच्या क्रेटवर बसून फळं पुसत असायच्या. त्या मंगळवारीही तशाच बसल्या होत्या.

बाई दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडं वळत होत्या. वेग फार नव्हता. तेवढ्यात उजवीकडून एक मोटारसायकलवाला आडवा आला आणि बोनेटपुढून निघून गेला. बाई दचकल्या. टाच उचलली गेली, आणि पाय परत खाली आला तो ॲक्सिलरेटरवर. इंजिन एकदम गरजलं. गाडीनं झेप घेतली ती सरळ झाडाच्या दिशेनं.

मामांनी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. मांडीला जोर लागलेला कळला, गुडघा ताठ झालेला कळला, पण गाडी थांबेना. त्यांनी खाली बघितलं. पाय ब्रेकच्या शेजारी, नुसत्या मॅटवर रुतून बसला होता. कधी घसरला ते त्यांना समजलंच नव्हतं. त्यांनी स्टिअरिंग हातानं उजवीकडं ओढलं आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेक खेचला. झाड चुकलं. गाडा चुकला नाही.

गाडा उलटला. त्याचं लोखंडी चाक शालूबाईंच्या डाव्या हातावर आलं. कलिंगडं फुटून रस्ताभर लाल पाणी झालं. पहिल्या क्षणी बाईंना ते रक्तच वाटलं आणि त्या स्टिअरिंग धरून तशाच बसून राहिल्या. इंजिन बंद पडलं होतं. शालूबाई फक्त आपल्या हाताकडं बघत होत्या. मनगटाच्या वर तो भलतीकडंच वळला होता.

मामांनी दार उघडून आधी गाडा उचलला. पाठोपाठ बाईही उतरल्या. रिक्षा थांबवली, शालूबाईंना धरून बसवलं आणि सीपीआरला, सरकारी दवाखान्यात नेलं. हाडाचे दोन तुकडे झाले होते. प्लास्टर होईपर्यंत बाई बाहेर बाकावर बसून होत्या, साडीवर कलिंगडाचे डाग तसेच. शाळेत त्यांनी फोनसुद्धा केला नाही.

दुपारी पोलीस आला, हंबीरराव आले. हंबीररावांनी दवाखान्याचं सगळं मी बघतो म्हणून शालूबाईंना आधीच सांगितलं होतं, त्यामुळं शालूबाई पोलिसाला म्हणाल्या, माझी कुणावर तक्रार न्हाय. पोलिसानं वहीत लिहायला म्हणून विचारलं, काय झालं. हंबीररावांनीच उत्तर दिलं. नवीन बाई, ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला, होतं असं. पोलिसानं मामांकडं बघितलं.

"असंच का, मामा?"

मामांनी मान हलवली.

बाई दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं. त्यांना ते खरंच वाटलं, कारण त्यांचा पाय चुकला होता हे त्यांना स्वतःला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत. त्यांनी हंबीररावांना फोन करून सांगितलं, मला जमणार नाही. शशिधरला म्हणाल्या, दारातली गाडी विकून टाकू. रजा टाकायची, नाहीतर नोकरीच सोडायची, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. हे सगळं मामांच्या कानावर स्कूलमधल्या बोलण्यातून आलं.

मामा मात्र शिकवतच होते. एक कॉलेजचा मुलगा, एक बँकेतले साहेब. गाडी सुरू झाली की मामा समोर रस्त्याकडं बघायचे, मग खाली पायाकडं, मग परत रस्त्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा ते गाडीत बसून पाय कुठं आहे ते डोळ्यांनी तपासत होते, आणि खाली बघितलं तेवढा वेळ रस्ता दिसत नव्हता. बँकेच्या साहेबांनी सिग्नलला जरा उशिरा ब्रेक लावला, तर मामांच्या पाठीवरून घाम ओघळला. घरी जेवण जाईना. तानूबाईंनी विचारलं तर ऊन लागलं म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी तानूबाईंना सेफ्टी पिन आणायला सांगितली. खुर्चीत बसले, उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. म्हणाले, पिन लाव, टोचली की मी सांगतो. तानूबाईंना हा काय प्रकार ते कळेना, पण त्यांनी लावली.

थोडा वेळ गेला. मामा म्हणाले, "टोच की गं."

मामांनी डोळे उघडले. अंगठ्याच्या खाली रक्ताचे तीन ठिपके आले होते. तानूबाई पदरानं ते पुसत होत्या.

"कवापास्नं हाय हे?" त्यांनी विचारलं.

मामांनी सांगितलं. दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं, मंगळवारचंही. तानूबाई ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्या बाईला कुनी सांगितलंय का मग?"

मामा तसेच उठून हंबीररावांकडं गेले. हंबीरराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं, मामांना पाणी दिलं आणि समजावलं. शिकवणाऱ्याच्या पायात दोष होता असं बाहेर गेलं तर विमा, परवाना, सगळंच अडकेल. आता कुणाची तक्रार नाही. बाई परत येणार नाहीत. तुम्ही उद्यापासून घरी बसा, पण तोंड उघडू नका. मामांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. उरलेल्या गोष्टीला ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

सम्राटनगरात बाईंचं घर शोधायला त्यांना वेळ लागला. दारात गाडी उभी होती, कव्हर घातलेली. बाईंनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि स्वतःच आधी माफी मागायला लागल्या. माझ्यामुळं तुमच्या नावाला बट्टा लागला, एकतीस वर्षांत झालं नव्हतं ते माझ्यामुळं झालं, असं म्हणाल्या. मामांना ते ऐकवेना. त्यांनी हात पुढं करून त्यांना थांबवलं.

"बाई, ब्रेक माझ्याकडं हुता. म्या दाबला न्हाय. पाय घसरलेला मला कळलाच न्हाय. तळवा बधिर हाय माझा, सहा म्हैनं झालं."

बाईंना पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मामांनी परत सांगितलं. डॉक्टरांना काय सांगितलं तेही सांगितलं, आणि पोलिसापुढं मान का हलवली तेही.

मग बाईंनी विचारलं, "माझा पाय चुकला होता, ते तर खरं ना?"

"चुकला हुता. शिकनाऱ्याचा चुकनारच. म्हणून तर दुसरा ब्रेक बसवलाय."

"आठ दिवस मी डोळ्याला डोळा लावला नाही, मामा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "वर्गात फळ्याकडं तोंड केलं की मला त्या बाईंचा हात दिसायचा. आणि तुम्ही माझ्यापासून दोन पावलांवर उभं राहून मान हलवलीत."

मामा खाली बघत उभे राहिले. बाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मला सांगितलंत. शालूबाईंना कोण सांगणार?"

मामा तिथून चालत शालूबाईंच्या घरी गेले. शालूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात गळ्यात. त्यांनी सगळं ऐकलं आणि तोंडावरच विचारलं, मग इतके दिवस काय करत हुतासा. पोलिसाला आत्ता सांगायला येतो, असं मामा म्हणाले. शालूबाई म्हणाल्या, पोलिसाचं मला काय करायचंय. माझा गाडा आठ दिवस बंद हाय. कलिंगडाचा सीझन जातोय आन् एका हातानं फळं उतरत न्हाईत.

"उद्यापास्नं सा वाजता या," त्या म्हणाल्या. "हात सुटंस्तवर."

मामा गेले. रोज सहाला टेम्पोतून कलिंगडं उतरवायची, गाडा पुसायचा, फळं रचायची. बासष्टाव्या वर्षी हे काम सोपं नव्हतं. शालूबाई क्रेटवर बसून चुका काढायच्या. मोठी खाली, देठ आत, कापलेलं पुढं. मामांना त्या ड्रायव्हर म्हणून हाक मारायच्या. मधे एकदा हंबीरराव तिथून गेले, त्यांनी बघितलं आणि गाडी न थांबवता निघून गेले. मामांनी बोलायचं ते बोलून टाकलंय हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. पण पुढं कुणी काही विचारायला आलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाई गाड्यापाशी आल्या, चालत. शालूबाईंच्या हाताची चौकशी केली. मग मामांना म्हणाल्या, मी दुसरीकडं जाऊन बघितलं. तिथला शिकवणारा चांगला आहे, पण गाडी सुरू केली की माझा पाय कापायला लागतो. शाळा महिन्यावर आलीय. तुम्ही शेजारी बसा.

मामांनी नाही म्हटलं. जिथं ब्रेक होता तिथं मी कामाला आलो नाही, आता तुमच्या गाडीत तर तो ब्रेकही नाही, असं म्हणाले. बाई म्हणाल्या, तेच पाहिजे मला. शेजारी पाय आहे असं धरून मी चालवत होते. तो नाही हे माहीत असून चालवता आलं, तर येईल.

मामांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी कलिंगडं रचून झाल्यावर ते सम्राटनगरात गेले. बाईंनी गाडीवरचं कव्हर काढलं होतं. पुढं-मागं लाल रंगात एल अक्षर चिकटवलं होतं.

पहिले चार दिवस शेंडा पार्कातच गेले. मामांचा हात हँडब्रेकपाशी असायचा, तेवढंच त्यांच्या हाती होतं. ते बाईंना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावत होते. वेग घ्यायचा, पाय उचलायचा, टाच न हलवता ब्रेक. पन्नासदा. मग त्यांचं लक्ष नसताना मामा एकदम म्हणायचे, थांबवा. बाईंचा पाय बरोबर जागी जायला लागला. बोलणं मात्र तेवढ्यापुरतंच. गाडी दारात लागली की बाई किल्ली काढून आत जायच्या.

पाचव्या दिवशी मामा म्हणाले, आता रत्नागिरी रस्ता. जूनपासून रोज जायचं होतं तो हाच रस्ता होता, आणि त्यात वाघबिळाचा चढ होता.

त्या सकाळी चढावर रस्त्याचं काम चाललं होतं. एक बाजू खोदलेली, उरलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडची वाहनं थांबत थांबत सोडत होते. बाईंच्या पुढं सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला ट्रक होता. मागं एसटी, आरशात तिची फक्त काच दिसत होती. ऐन चढावर रांग थांबली.

मामांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं, चढावर पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, त्याहून जवळ जायचं नाही. बाईंनी तेवढं अंतर ठेवलं होतं. त्यांनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला. दोन्ही हात मात्र स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

"मागं एसटी चिकटलीय," त्या म्हणाल्या.

"तिचं तिचा ड्रायव्हर बगंल. तुमी पुढं बगा."

रांग हलली. ट्रकनं काळा धूर सोडला, एक हातभर पुढं गेला आणि त्याचं इंजिन बंद पडलं. क्षणभर तो तसाच थांबला. मग त्याची मागची चाकं उलटी फिरायला लागली.

पहिल्यांदा अगदी सावकाश. मामांना ते बाईंच्या आधी दिसलं. डाव्या बाजूला मुरमाची पट्टी होती, गाडीभर रुंद, आणि त्यापलीकडं गटार. उजवीकडं समोरून येणारी वाहनं. मागं एसटी. त्यांना सगळं दिसत होतं, काय करायचं तेही कळत होतं. हात हँडब्रेकवर होता, पण हँडब्रेक आधीच ओढलेला होता. ट्रक वरून येत होता आणि जागेवर थांबून उपयोग नव्हता. तोंड उघडायचं तर बाई दचकतील, दचकल्या तर टाच उचलतील. आणि नाही बोललं तर.

ते ठरवेपर्यंत बाईंचे ओठ हलायला लागले होते. ओंदु. गिअर पडला. एरडु. इंजिनाचा आवाज जड झाला, बोनेट किंचित वर उचललं. मामांनी आपला हात काढून घेतला, कारण आता तिथं बाईंचा हात पाहिजे होता. मूरू म्हणता म्हणता बाईंनी हँडब्रेक सोडला आणि स्टिअरिंग डावीकडं फिरवलं. गाडी मागं एक बोटही न जाता तिरकी होऊन मुरमावर चढली. चाकाखाली खडी सरकली. गटाराची कड मामांच्या खिडकीतून सरळ खाली दिसली. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. त्यांनी हँडब्रेक परत ओढला.

ट्रकचा क्लीनर उडी टाकून खाली आला होता. त्यानं मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारला. ट्रक ठोकळ्यावर चढल्यासारखा झाला आणि थांबला. बाईंची गाडी आधी जिथं उभी होती, त्यातल्या निम्म्या जागेत आता ट्रकची मागची बाजू आली होती. एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून बघितलं.

मामांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर, जिथं ब्रेक असता त्या जागी, पूर्ण ताकदीनं दाबलेला होता. त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय मागं घेतला.

"मामा, तुम्ही काहीच बोलला नाहीत," बाई म्हणाल्या.

"बोलायला काय ठेवलंसाच न्हाई तुमी."

बाईंनी पाण्याची बाटली काढली, स्वतः प्यायल्या आणि त्यांच्याकडं दिली. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकवून त्या थोडा वेळ रडल्या. मामा बाहेर बघत राहिले. ट्रक सुरू होऊन गेला, रांग गेली, एसटी गेली. दहा मिनिटांनी बाईंनी आरसे बघितले, सिग्नल दिला आणि गाडी परत रस्त्यावर घेतली. मलकापूरपर्यंत गेल्या, तिथून वाडीवर. शाळेला कुलूप होतं. व्हरांड्यात बसून दोघांनी बरोबर आणलेली चटणी-भाकरी खाल्ली, आणि बाईच चालवत परत आल्या.

आरटीओची परीक्षा त्या पहिल्याच खेपेला पास झाल्या. जूनच्या मध्यापासून रोज जातात. पावसाळ्यात एकदा गाडी चिखलात रुतली तेव्हा गावातल्या लोकांनी ढकलून काढली, बाकी काही झालेलं नाही. मी त्यांना एकदा विचारलं, मामांवरचा राग गेला का. त्या म्हणाल्या, "त्यांनी शिकवलं ते खरं आहे आणि मान हलवली तेही खरं आहे. मी दोन्ही विसरणार नाही."

शालूबाईंचा हात सुटला, पण पूर्ण वळत नाही. जड फळ त्या अजून उजव्यानंच उचलतात. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी मामांना सांगितलं, उद्यापास्नं नगा येऊ, तुमच्या रचन्यानं गिऱ्हाईक हसतंय. मामा तरीही आठवडाभर जात राहिले.

मामांच्या लायसनची मुदत सप्टेंबरात संपणार होती. त्याआधीच ते परत करून टाकायचं असं त्यांनी ठरवलं आणि सोबत म्हणून मला चल म्हणाले. आम्ही आरटीओत गेलो. खिडकीपाशी अर्धा तास उभं राहिल्यावर नंबर आला. मामांनी लायसन पुढं सरकवलं आणि म्हणाले, हे मला परत करायचंय. आतल्या माणसानं ते उलटंसुलटं बघितलं, तारीख वाचली आणि परत बाहेर सरकवलं. म्हणाला, परत कशाला करताय, नूतनीकरण नाही केलं की आपोआप बंद होतंय की.

मामा काहीतरी सांगणार होते. एकतीस वर्षं, तळवा, असलं काहीतरी असावं. पण मागच्या माणसानं फॉर्म पुढं केला होता आणि खिडकीतला माणूस त्याच्याकडं वळला होता. मामांनी लायसन खिशात घातलं. बाहेर आल्यावर ते झाडाखाली जरा थांबले, परीक्षेला आलेल्या गाड्यांची रांग बघितली, आणि मला म्हणाले, रिक्षा बघ.